आत्यांचा चेंडू

रविवार, दिवेलागण. पाली

राग गेला, पण तो चेंडू डोळ्यांपुढून जात नाही. भात कापलेल्या खाचरात आज आम्ही बायकाच क्रिकेट खेळलो. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा बॅट धरली आणि चेंडू थेट राजगडाकडं उडवला. मी समोरच्या टोकावरून पळत सुटले. दोघींनी टोकं बदलली तरच धाव मिळते, हे किती वेळा सांगितलं होतं! "आत्या, पळा की!" तर त्या जागच्या हलेनात. "थांब गं, कुठवर जातोय बगू तरी दे." तेवढ्यात माझ्या रिकाम्या टोकाच्या काठ्या कुणीतरी चेंडूनं पाडल्या. बाद कोण, तर मी!

शाळेत एवढ्या धावा काढल्या मी. पण माझा एक तरी चेंडू असा उन्हात जाताना मी थांबून पाहिला का?