सर्व संबंधितांचे समाधान

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचा रत्नागिरीत. माळनाक्यापासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. सकाळी घरमालकीणबाईंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली. साताऱ्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे जडच, पण मी चार खाल्ल्या. बदलीला नाकं मुरडणारे मित्र आता खुशाल जळोत.

खात्याचं नाव रोजनिशीतही लिहायचं नसतं, म्हणून नुसतं 'कार्यालय' म्हणतो. लोकांच्या मनात काय चाललंय ते वर कळवणं हे कार्यालयाचं काम. माझ्याकडे त्यातली मऊ बाजू आली आहे: आमदारांशी संबंध राखणं. त्यांच्या घरच्या बारशाला जायचं, अधिवेशनात ते काय विचारणार ते आधी काढून घ्यायचं, आणि प्रश्न आपल्याला अवघड असेल तर तो त्यांना विचारावासाच वाटू नये अशी व्यवस्था करायची.

माझे वरिष्ठ गुरुप्रसाद सर निवृत्तीला आले आहेत. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. त्यांनी इथली रीत सांगितली. आमदारांची भेट मंगळवारी, पण भेटीचं टिपण सोमवारीच लिहून तयार ठेवायचं. मी म्हटलं, सर, हे लग्नाआधीच फोटो काढून ठेवण्यासारखं झालं. मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं म्हणाले: 'सन्माननीय सदस्यांचे समाधान झाले.' खाली आमदारांची सही आणि माझी. सर स्वतः कुठेच सही करत नाहीत.

टिपण लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. अर्ध्या तासात एकटाकी लिहून काढलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमदार आत्मारामभाईंचं घर लांज्याच्या रस्त्याला आहे. माणूस तापट. मी बसतो न बसतो तोच सरबत्ती सुरू झाली. नितेश नावाचा चोवीस वर्षांचा खलाशी बंदरावरच्या बातम्या आपल्या कार्यालयाला आणून द्यायचा. फेब्रुवारीत सकाळी कार्यालयात गेला तो घरी आलाच नाही. त्याचं काय केलंत, असा तारांकित प्रश्न भाईंनी अधिवेशनासाठी दिला आहे. उत्तर मिळालं नाही तर सभागृह बंद पाडीन म्हणाले.

नितेशची आई गोदूबाई ओट्यावरच बसली होती. बारकी, सुकटीसारखी वाळलेली बाई. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

भाईंनी टिपण न वाचताच सही केली. आमदार मंडळी हजेरीपुरती सही अशीच करतात. मीही केली. निघताना ते फाटकापर्यंत सोडायला आले आणि चेहऱ्यावरचा राग पार उतरलेला दिसला. माझ्या बोलण्याचा परिणाम, दुसरं काय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक मजा झाली. मी काल टिपणात लिहिलं होतं, 'कार्यालयाने या विषयात तत्परता दाखवली असून सदस्यांनी त्याबद्दल प्रशंसोद्गार काढले.' भाई आज तेच बोलले. 'प्रशंसोद्गार'सकट. गावातल्या माणसांसमोर, शेंगदाणे खाता खाता. नितेशचं काय, असं मीच आठवण करून देऊन विचारलं, तर म्हणाले, कोण नितेश?

गोदूबाई ओट्यावर होती. भाई तिच्या अंगावरून बघत होते, जसं काही तिथे नुसती भिंत आहे.

येताना तिने माझ्या हातात अर्ज दिला. सर म्हणाले, त्याची आवक नोंद करू नका, नोंद झाली की ती बाई फाइलीत येते. मला बरंच वाटलं. एक कागद कमी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रश्न अजून यादीत आहे, कारण त्यावर आणखी दोन आमदारांच्या सह्या आहेत. शिवाय भाईंचा स्वीय सहायक आहे, बोटीवरचे खलाशी साक्षीला तयार आहेत. दर मंगळवारी एकेकाचं समाधान करत बसलो तर शिमगा उजाडेल. म्हणून आज टिपणाचं शेवटचं वाक्य मी सुधारलं: 'सर्व संबंधितांचे समाधान झाले.' कसं आटोपशीर झालं.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या हाताने माझ्यासाठी चहा ओतला. मी उगाच फुगलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काल टिपणावर भाईंची आणि माझी सही झाली, आणि आज प्रश्न मागे घेतला गेला. दोन्ही आमदारांचे फोन आले. आपण कशावर सही केली होती ते दोघांनाही आठवत नव्हतं.

दुपारी गोदूबाई कार्यालयात आली. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. काल संध्याकाळपासून वाडीत नितेशला कोणी ओळखत नाही. ज्याच्या बोटीवर तो सहा वर्षं होता तो तांडेल म्हणतो, माझ्याकडे असा खलाशी कधी नव्हताच. शेजारीण विचारते, गोदूबाय, तुला मूल कधी झाला? रेशनकार्डावर तिचं एकटीचंच नाव उरलं आहे. तिने ते मला दाखवलं.

मग म्हणाली, "सायेब, तुमाला तरी म्हाईत हाय ना, माजा नितेश?"

मी म्हटलं, माहीत आहे. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली. मला स्वतःची लाज वाटली. मी एक वाक्य आटोपशीर केलं आणि त्याच्यापायी तिचं लेकरू जन्मालाच आलं नाही असं झालं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सरांच्या हातापाया पडलो. ते टिपण रद्द करा म्हटलं. ते म्हणाले, झालेली नोंद मागे घेता येत नाही. गोदूबाई अजून फाइलीत नाही, म्हणून ती संबंधित नाही. तिचा अर्ज आवक करून टाका, तिलाही शांत झोप लागेल.

म्हणजे तीही विसरेल. मग तो कुठेच उरणार नाही.

मी नाही म्हटलं. त्यांनी आवक रजिस्टर उघडून माझ्या टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं आणि घरी गेले. दारातून वळून म्हणाले की त्या टिपणावर तुमचीही सही आहे, विसरलात वाटतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी त्याचं वय आठवेना. मागचं पान उघडून बघावं लागलं. चोवीस.

मी संबंधित आहे. माझंही समाधान होतंय.

गोदूबाईशी ठरवलं आहे. तिने रोज सकाळी माझ्या दाराशी यायचं आणि विचारायचं, माझ्या मुलाचं नाव काय. मी सांगायचं. तिचं एकटीचं म्हणणं वाडीत वेड ठरतं. आम्ही दोघं असलो तर ते खरं राहील. एवढं तरी मी करीन. मला फार भीती वाटते, पण करीन.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल नवं टिपण लिहिलं. 'कोणाचेही समाधान झालेले नाही.' ठळक अक्षरांत. आज भाईंना म्हटलं, मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं: सर्व संबंधितांचे समाधान झाले. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लावला. त्यांनी हसत हसत तेच वाचलं. मग मीच वाचून दाखवलं —

माझ्याही तोंडून तेच आलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी आली. विचारलं. सांगितलं — पण हातावर लिहून ठेवलं होतं म्हणून. बंदरावरच्या बातम्या — चोवीस वर्षांचा — फेब्रुवारी. आई गोदूबाई. एवढंच उरलंय. फेब्रुवारीत काय झालं ते पान वाचून कळतं, आठवत नाही.

झोप फार छान लागते. इतकी छान झोप मला नको आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

तळहात धुतला गेला. मीच धुतला. का —

रजिस्टर आता घरी माझ्या टेबलावर आहे. मी आणलेलं नाही. दुपारी बघितलं तर पेन माझ्या हातात होतं आणि नोंदीची तारीख घालून झाली होती. पुढचे रकाने कोरे. पान फाडलं. पेन खिडकीबाहेर फेकलं. ओरडलोही असेन, कारण घरमालकीणबाई विचारायला आल्या. त्यांना म्हटलं, एक मुलगा हरवलाय. कोणाचा, म्हणाल्या. मी —

सोमवार, १ डिसेंबर

नितेश. नितेश नितेश नितेश नितेश. खलाशी. गोदूबाईचा. नितेश.

हे वाचलं की अक्षरं कळतात. माणूस येत नाही. चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. निदान एकदा फोटो मागायचा होता — तेवढंसुद्धा मला सुचलं नाही —

मंगळवार, २ डिसेंबर

बाई पायरीवर बसल्या आहेत. सकाळपासून विचारतायत. मी आत येऊन वाचतो, बाहेर जाऊन सांगतो, परत आत येतो. चार वेळा झालं. नाव समोर आहे, मी तेच बोलतो, मोठ्याने बोलतो. माझ्या कानाला बरोबर ऐकू येतं.

पण त्या कपाळावर हात मारून घेतात. म्हणतात, सायेब, असा नका बोलू, तुमी तरी असा नका बोलू. पाचव्यांदा जातोय. वही घेऊनच जातोय, त्यांच्यासमोर एकेक अक्षर लिहून दाखवतो, म्हणजे —

बघा बाई. हे लिहिलं. हेच ना तुमच्या मुलाचं —

त्या कागदाकडे बघून उठल्या. चालल्या. थांबा, मी दुसरं लिहिलं का? काय लिहिलं मी? बाई, थांबा, मला