नाटकातली माफी

५ एप्रिल, शुगर लँड, टेक्सस

पहिलं वाचन झालं. आमच्या दिग्दर्शिकेने, आश्लेषाने, शेवटी तेच नाटक निवडलं — बाप-लेकाचं, जुनं अमेरिकन. आमच्या मंडळाने ते मराठीत पहिल्यांदा केलं तेव्हा आमचे हे, चारुदत्त, मुलाच्या भूमिकेत होते. आता बाप. मधलं सगळं आयुष्य सर्जन म्हणून गेलं. मुलाचं काम संग्रामकडे, आयटीतला नागपूरचा पोरगा. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. येताना हे गाडीत शीळ घालत होते. किती दिवसांनी!

१२ एप्रिल

शेवटच्या अंकात अडलो. बाप मुलाला म्हणतो, "चुकलं माझं. घरी चल." एवढंच. यांची पानंच्या पानं पाठ, पण हे वाक्य येईना. मी विंगेतून सांगितलं. पुन्हा तिथेच अडले. पुन्हा सांगितलं.

"होईल काका, नो टेन्शन," आश्लेषा म्हणाली. संग्राम हसला. मला हसू आलं नाही.

१३ एप्रिल

आमच्या मुलाने, कुशने, फोटो पाठवला. बाळ पालथं पडायला लागलंय. यांना दाखवला नाही.

कुशने सर्जरीचं ट्रेनिंग अर्धवट सोडलं आणि शिकागोत शाळेत शिकवायला लागला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला हे म्हणाले, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." त्याने टाकलं नाही. त्याच्या लग्नाला हे गेले नाहीत, म्हणून मीही नाही. नात झाली, ती फोनवरच पाहतेय.

२६ एप्रिल

आश्लेषा आज स्पष्टच बोलली. "काका, तुमचा राग एकदम खरा वाटतो. मग माफी मागताना प्रेक्षकांकडे का बघता? त्याच्याकडे बघा ना."

"आमच्या पिढीचे बाप असं बोलत नसतात."

"हा बोलतो ना, काका."

ब्रेकमध्ये संग्राम चहा घेऊन माझ्याजवळ आला. "काकू, माझे बाबा असं म्हणाले ना, तर मी तिथेच रडेन यार." मी म्हटलं, "म्हणतील." का म्हटलं, कोण जाणे.

३ मे

वादळाचा इशारा. तालीम कॅन्सल. दिवसभर घरात दोघंच. नाटकाबद्दल अवाक्षर नाही.

१७ मे

दुपारी प्रयोग झाला. हॉल भरला होता. शेवटच्या अंकात मी संहितेवर बोट ठेवून तयार होते. हे संग्रामजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाहिलं आणि ते वाक्य म्हणाले. मी न सांगता. आवाज चिरकला. संग्राम खरंच रडला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मला वाटलं, सुटली एकदाची गाठ.

परतताना गाडीत म्हटलं, "घरी पोचलो की कुशला फोन करू या?"

"आता काय राहिलंय?" हे म्हणाले. "म्हटलं ना मी. एवढ्या लोकांसमोर म्हटलं."

मी वळून पाहिलं. थट्टा करत नव्हते. चेहरा शांत होता, ओझं उतरल्यासारखा. मोकळे झाले होते — दुसऱ्याच्या मुलाला सांगून.

१८ मे

सकाळपासून फोन. "काय काम केलंत डॉक्टर!" हे प्रत्येकाला सांगतात, त्या एका वाक्यावर फार मेहनत घेतली.

मी मागच्या अंगणात जाऊन कुशला फोन लावला. "येऊ का रे?"

त्याने विचारलं, "आई, जस्ट यू?"

"हो. मी एकटीच."

२१ मे

यांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "तुझी मर्जी." बॅग भरली.

२४ मे, शिकागो

नात, आरोही, माझ्या मांडीवर झोपलीय. आत्ताच यांचा फोन येऊन गेला. "परत कधी येतेस?"

म्हटलं, "तुम्ही न्यायला याल तेव्हा."