कालव्याकडची सात दारं

अल सद्द, दोहा
३ ऑगस्ट २०२५

ती. आबांस,
संजीवनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसती मान डोलावता, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय. आईला सांगा, हर्षलचा खोकला गेला. माझं ऑफिस नेहमीसारखं डोकं खातंय.

खरी बातमी पुढे आहे. इथल्या उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाच्या अलीकडे, कालव्याकाठच्या ज्या महालाचं सुतारकाम तुम्ही केलंत, तो आता अकरा खोल्यांचं हॉटेल झालाय. लग्नाच्या वाढदिवसाला हर्षल आणि मी दोन दिवस तिथे राहणार आहोत. तुम्ही केलेल्या दारातून मी पाहुणी म्हणून आत जाणार, या विचाराने काम सुचत नाही. पुढच्या थंडीत तुम्ही दोघंही या. गेल्या वर्षी तुमचा गुडघा आडवा आला, त्याआधी म्हैस. या खेपेला काय आडवं येणार ते आधीच कळवा.

तुमच्या मायेची सवय लागलेली,
संजीवनी

गगनबावडा
६ ऑगस्ट

चि. सौ. संजीवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोघं आनंदानं जा. मात्र तिथं माझं नाव काढू नकोस.

बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून दार बसवताना चौकटीत थोडी सूट, म्हणजे मोकळी फट ठेवतात. माझ्या हातानं सवयीनं तिथंही ती ठेवली. जानेवारीत इंजिनियर बघायला आला, तर दारांच्या फटीतून उजेड दिसत होता. या देशात पाऊस कुठं पडतो, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. माझी सात दारं झाली होती. बाकीची दुसऱ्यांकडे गेली आणि माझं कॉन्ट्रॅक्ट खलास. तुझ्या आईला सांगितलं, की उन्हाला कंटाळून आलो. त्या जागी परत तोंड दाखवायला नको वाटतं. म्हशीला उगाच बोल लावू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्यावर रुसू नये.
शहाजी

कालव्याकाठून
९ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकायचं ठरवून आले होते, पण ते मोडलं. भेटाल तेव्हा कान धरा.

काल पोचलो तेव्हा हवा इतकी दमट, की हर्षल चष्मा पुसून पुसून वैतागला. आमच्या खोलीचं दार काही केल्या लागेना. त्याने खांदा लावला, मीही जोर लावला. शेवटी इथल्या दुरुस्तीचं काम बघणारे अश्फाकभाई आले आणि माफी मागून त्यांनी आम्हाला कालव्याकडच्या खोलीत हलवलं. तिथलं दार एका बोटाने लागलं. ते हिंदीत सांगत होते, की ऑगस्टमध्ये समुद्राची ओल धरून सगळी दारं फुगतात, फक्त कालव्याकडची सात नीट लागतात. कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रीने केलेली. बाकीच्यांना ते रंधा मारतात, तेव्हा सूट किती ठेवायची ते या सातांवरून ठरवतात.

मग मला राहवलं नाही. ते मिस्त्री माझे वडील, असं मी सांगून टाकलं. अश्फाकभाई तेव्हा तिथेच रंगकाम करत होते, त्यांना तुम्ही चांगले आठवता. त्यांनी दाराकडे बघत शुक्रन, म्हणजे अरबीत आभार, म्हटलं आणि ते तुम्हाला कळवायला बजावलं. ते गेल्यावर मी दाराला टेकून पोटभर रडले. आज सकाळी होड्या बघत कॉफी प्यायलो. आबा, इतकं भरून पावल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता तरी या.
आज्ञा मोडणारी, पण तुमचीच,
संजीवनी

गगनबावडा
१३ ऑगस्ट

चि. सौ. संजीवनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग तुझ्या आईला वाचून दाखवलं आणि माझं खोटंही कबूल केलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, की मी आलो त्याच आठवड्यात तिला कळलं होतं. उन्हाला कंटाळलेला माणूस हत्यारांची पेटी देऊन टाकत नाही.

भावकीत कुणी विचारलं, तर आपणच नवऱ्याला बोलावून घेतलं, असं ती सांगायची. नवऱ्याची चांगली नोकरी सोडवली म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली. तीही तिनं ऐकून घेतली, आणि मला बारा वर्षं कळू दिलं नाही. तिचे उपकार कुठं ठेवू ते समजत नाही.

अश्फाकला माझा सलाम सांग. आम्ही दोघं येतो. तिचा पासपोर्ट नाही, म्हणून उद्या सकाळच्या एसटीनं तिला घेऊन कोल्हापूरला चाललोय. परदेशात कशाला जाता, असं तिथं कुणी विचारलंच, तर नवऱ्याचं काम बघायला, असं ती सांगणार आहे.

दोघांचेही आशीर्वाद, यापुढेही असेच.
शहाजी