राजांच्या यादीतली बाई

बाबा, दादानं नागपूरहून आपल्या घराण्याच्या वंशावळीची झेरॉक्स पाठवली आहे. नवी प्रत छापून घ्यायची म्हणतो, काही चुकलं असेल तर कळव असं खाली लिहिलंय. इथे अमेरिकेत, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलावर ती पसरली, तर माझी नऊ वर्षांची लेक वाकून बघत म्हणाली, "आई, व्हेअर आर यू?" मी तुमच्या नावावर बोट ठेवलं. त्याखाली एकट्या दादाचं नाव. आणि सगळं अक्षर माझं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मी अकरा वर्षांची. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून सांगताय आणि मी लिहितेय, कारण घरात अक्षर माझं चांगलं. आधी तुम्ही शाळेत घ्यायचा त्या इतिहासाच्या तासासाठी तक्ता, मेसोपोटेमियातल्या प्राचीन सुमेरच्या राजांचा. राज्य स्वर्गातून उतरलं, एका नगरात आलं, ते नगर लढाईत हरलं, राज्य दुसऱ्या नगरात गेलं. बाप, मुलगा, नातू. कुणी म्हणे हजारो वर्षं राज्य केलं, ते तुम्ही न हसता सांगितलंत. यात बाई एकही नाही का, मी विचारलं. "राजांच्या यादीत बाया शोधत बसू नकोस. पुढचं नाव लिही." मग त्याच बैठकीत वंशावळ उतरवून घेतलीत, आणि बक्षीस म्हणून खिशातलं स्वतःचं शाईचं पेन मला दिलंत. त्या आनंदात मी कागदावर नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाबा, बाई होती. गेल्या महिन्यात इथल्या लायब्ररीत मी ती यादी पुरती वाचली. दारूचा गुत्ता चालवणारी एक बाई किश नगराची राजा झाली, तिनं किशचा पाया पक्का केला, शंभर वर्षं राज्य केलं. पुढे तिचा मुलगा गादीवर आला, मग नातू. तुमच्या पुस्तकात ती नसेलही कदाचित. पण मी तर तुमच्या समोर बसले होते.

दादाला फोन केला. "अगं, तुझं नाव सासरच्या वंशावळीत येणार," तो म्हणाला. सासरी विचारून झालंय, ते माहेरच्या वंशावळीत बघा म्हणतात, असं सांगितल्यावर तो हसला. मग हळूच म्हणाला, बाबांना आवडलं नसतं.

"नसू दे," मी म्हणाले.

तुमच्या नावाखाली, दादाच्या शेजारी, मी माझं नाव लिहिलं. त्याखाली लेकीचं. "इज दॅट अलाउड?" तिनं विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय ना मी.

वंशावळ उद्या पोस्टात टाकेन. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील, तुमच्या पेनाशेजारी. एक गोष्ट मात्र दादालाही सांगितलेली नाही. मी लिहिलेल्या पुस्तकांवर इतक्यांदा नाव छापून आलं माझं, तरी इथे ते मी आधी पेन्सिलीनं लिहून पाहिलं. ओळ वाकडी गेली तर तुम्ही काय म्हणाल, असं वाटलं.