शर्टावरची माती

१२ ऑक्टोबर

चि. ट्वायला हिस,
लोर्नाचे आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे. पाठ बरी नाही, पण तिची चौकशी तू कधीच करत नाहीस.

तुझं पोरगं ठीक आहे. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सहातले पाच सामने जिंकले. त्यातल्या चार सामन्यांत डेल्टन शेवटी शेवटी उतरला, समोरचे आडवे पडल्यावर. मला हे कोणी सांगावं लागत नाही. संघाचे चौऱ्याण्णव शर्ट माझ्याच धुलाईला येतात. खेळलेल्याच्या शिवणींतून त्या प्लास्टिकच्या गवतातला काळा रबरी चुरा निघतो आणि माझं मशीन तुंबतं. बसून राहिलेल्याच्या शर्टातून फार तर घाम निघतो. डेल्टनच्या शर्टातून चार वेळा चुरा निघाला. आता बास.

पहिल्या वर्षाचं पोर चार सामन्यांपर्यंत खेळलं तर ते वर्ष मोजत नाहीत, खेळायची चारही वर्षं शिल्लक राहतात. पाचव्या सामन्यात एक पाऊल टाकलं की वर्ष गेलं. त्याचा अभ्यास बघता कॉलेजात त्याला पाच वर्षं लागणारच, आणि कॉलेज फुकट शिकवतं ते खेळतोय तोवर. म्हणून कोच आता त्याला शर्ट घालून नुसता बसवणार. त्याबद्दल मला रडकं पत्र लिहू नकोस. बाबांच्या हृदयाचं मात्र लिही.

लोभ आहे तेवढा पुरे.
तुझी ताई,
लोर्ना

२६ ऑक्टोबर

ती. लोर्नाताईस,
ट्वायलाचा सा. न. वि. वि. बाबांना घरी आणलं. पुढच्या खोलीत खाट टाकलीय. डेल्टन खेळला ते चारही शनिवार त्यांचे दवाखान्यात गुंगीत गेले. आता दर शनिवारी रेडिओला कान लावून बसतात. रेडिओवाला चेंडू पळवणाऱ्याचं नाव घेतो. पुढे उभं राहून धडका घेणाऱ्यांचं घेत नाही. मग बाबा मला विचारतात, आपला उतरला का.

डॉक्टर पुढच्या हंगामाचं काही बोलत नाहीत. मी विचारलं तर खिडकीबाहेर बघतात. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना पंधरा नोव्हेंबरला आहे. ताई, तुला कोच रोज भेटतात. त्यांना भोपळ्याचा केक करून ने आणि डेल्टनसाठी एक डाव मागून घे. एकच. वर्ष गेलं तर गेलं, बाबा काय परत मिळणार आहेत?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
ट्वायला

२ नोव्हेंबर

चि. ट्वायला,
आशीर्वाद. मी केक केला नाही. कोचच्या दारापर्यंत टॉवेल घेऊन गेले आणि टॉवेल ठेवून परत आले.

तू पोराला फोन केलास हे बरं केलं नाहीस. तो धुलाईत आला आणि म्हणाला, मावशी, मीच कोचला सांगतो, आजोबांसाठी वर्ष गेलं तर जाऊ दे. मी म्हटलं आधी हे टॉवेल घडी कर, मग जा. त्याने चाळीस केले. शेवटी म्हणाला, आजोबांना हे कळलं तर ते मला मारतील. मी म्हटलं हो. मग तो गेला, पण जेवायला गेला, कोचकडे नाही.

सामना झाला की त्याच्या अंगातला शर्ट थोड्या दिवसांसाठी त्याच्याबरोबर पाठवते. बाबांना दाखव. परत आला नाही तर माझी नोकरी जाईल, आणि मग मी तुझ्याकडेच राहायला येईन.

लोर्ना

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. तुम्ही हरलात ते रेडिओवर ऐकलं. डेल्टन रात्रभर राहून गेला. आजोबांसमोर फारसा बसला नाही.

रागावू नकोस. मी बाबांना सांगितलं की शेवटच्या तीन डावांत तो उतरला होता. शर्ट अगदी कोरा होता म्हणून खांद्यावर आणि कोपरांवर ओली माती चोळली. बाबांनी त्यावरून बराच वेळ हात फिरवला, नाकाशी नेला. शर्ट स्वतःच पाठवतो म्हणाले. खूश दिसले. तू आता सगळं बिघडवू नकोस.

ट्वायला

२४ नोव्हेंबर

चि. लोर्ना हिस,
बाबांचे आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, समजून वाच.

शर्ट खोक्यात घातलाय. त्या मैदानावर मी एकतीस वर्षं गवत राखलं. ते उपटून प्लास्टिक अंथरलं त्याला बारा वर्षं झाली. ट्वायला तेव्हा नवऱ्याबरोबर अलास्कात होती, तिच्या डोळ्यांसमोर अजून जुनंच मैदान आहे. तिथे आता चमचाभर माती नाही. ही तिच्या टोमॅटोच्या वाफ्यातली आहे, अंड्याचं कवचसुद्धा आहे.

म्हणजे पोरगा बसून राहिला. सुटलो. माझ्यापायी वर्ष गेलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? पोराला सांग. ट्वायलाला सांगू नकोस, तिने मन लावून चोळलीय.

बाबा

१ डिसेंबर

ती. बाबांस,
लोर्नाचा नमस्कार. शर्ट धुतला. कवच गाळणीत सापडलं. ट्वायलाला काही बोलले नाही. मला ते किती जड गेलं ते तुम्हीच जाणता.

डेल्टनला सांगितलं. तो न सांगता टॉवेलच्या घड्या घालायला लागला, सगळ्या वाकड्या. मग म्हणाला, पुढच्या वर्षीचा पहिला सामना कधी आहे ते आजोबांना कळव. कळवते. पाच सप्टेंबर, शनिवार, दुपारी एक. चाकाच्या खुर्चीला मैदानाच्या रेघेजवळ जागा देतात, पण नाव आत्तापासून लिहावं लागतं. मी गेले. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने तुमचं वय विचारलं, मी एक्याऐंशी सांगितलं. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, येतील ना नक्की.

मी म्हटलं, लिहा.

औषधं वेळेवर घ्या.
लोर्ना