पांजरपोळातली तिकिटं

मंगळवार, १४ मार्च

दादा,

नमस्कार. थोरल्या भावाला नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. त्यापुढे 'आम्ही सर्व खुशाल' असं लिहितात, ते गाळते.

तुझं पत्र मिळालं. मावशी दोन वेळचं गरम जेवायला घालते, खांद्याची जखम भरत आली आहे, हे वाचलं. 'दाजींचं कसं आहे?' ही एक ओळ. आणि बाकी जवळजवळ सगळं पत्र तिकिटांबद्दल! शाबास. एका माणसाला अर्धमेला करून पळून गेलेल्या गृहस्थाला टपाल तिकिटांची काळजी पडलीय, हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या वॉर्डातली नर्स घाबरून आत आली.

तर आधी तिकिटांचं सांगते, कारण तुला तेच ऐकायचंय.

बाबा त्या पत्र्याच्या डब्याला पांजरपोळ म्हणायचे. कोपरा गेलेली, दाते तुटलेली, मागून कागद विरलेली, शिक्क्याच्या शाईने तोंड काळं झालेली, अशी सगळी त्यात. खराब तिकीट फेकायचं नाही, चांगलं मिळेपर्यंत ते अल्बममधली जागा धरून ठेवतं, असं ते सांगायचे. फक्त त्याच्या मागे पेन्सिलीने बारीक 'ख' लिहायचा, म्हणजे पुढेमागे कुणी ते धडधाकट म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही. आपण दोघं जमिनीवर पालथे पडून 'ख' काढत बसायचो. तुझा 'ख' माझ्यापेक्षा सुबक यायचा.

आता मी काय केलं ते ऐक. धड असलेली पण आपल्याकडे ढिगाने पडलेली तिकिटं मी इथल्या मुलांच्या वॉर्डात देऊन टाकली. पाय टांगून पडलेली पोरं दिवसभर त्यांची अदलाबदल करतात आणि भांडतात. अगदीच फाटकी होती ती शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना चिकटकामासाठी दिली. त्यांनी तर हात जोडले. राहिली ती तू जोडलेली.

हो, मला कळलंय. पांजरपोळातली तिकिटं उचलून तू त्यांना नवे कोपरे चिकटवलेस, दाते बसवलेस, विरलेल्या जागी मागून कागदाचा लगदा भरलास, आणि बाबांचा 'ख' खोडरबराने पुसलास. प्रदर्शनात ती अस्सल म्हणून खपवायची होती. तुझ्या हातात कला आहे रे, त्याबद्दल वाद नाही. पण तू ती वाळायला आमच्याकडे ठेवलीस, त्याच डब्यात, आणि ह्यांना काही सांगितलं नाहीस.

ह्यांना तिकिटांतलं काय कळतं? शिंपी माणूस. सासऱ्यांनी शिकवलं तेवढंच ठाऊक. डबा उघडला, तर 'ख' पुसट दिसले. ह्यांना वाटलं, जुनी पेन्सिल उडाली. तुला खूश करायचं म्हणून दुपारभर बसून एकेका तिकिटाच्या मागे 'ख' काढला, आणि परत उडू नये म्हणून कापडावर खुणा करायच्या पक्क्या शाईने काढला. तू आलास तेव्हा शिलाई मशीनवरून उठून डबा घेऊन पुढे आले. "दादा, बघा, सगळी नीट करून ठेवलीत," म्हणाले. केवढे खुशीत होते!

तू तिकिटं उलटी करून पाहिलीस. एक पाहिलंस, दुसरं पाहिलंस. मग शांतपणे म्हणालास, "हात ठेवा टेबलावर." आणि त्यांनी ठेवला, दादा. तू काहीतरी दाखवणार असं वाटलं त्यांना. तू तापलेली इस्त्री उचललीस आणि धारेकडून त्यांच्या उजव्या हातावर हाणलीस. मग पुन्हा हाणलीस. खाली पडले तर बरगड्यांत लाथा घातल्यास. तो कातडी करपल्याचा वास अजून माझ्या केसांत आहे. मी तुला ओढत होते, चावत होते, आणि तू मला झुरळासारखं झटकून पुन्हा इस्त्री उचललीस. या वेळी डोक्यावर धरलीस.

तेव्हा मी मोठी कात्री घेतली. तुझ्या खांद्यात गेली ती मशीनवरून पडून नाही, मावशीला काय सांगायचं ते सांग. मी मारली. मानेवर धरली होती, तू वळलास म्हणून खांद्यावर बसली. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटत.

ह्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. कात्री धरायची ती बोटं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "माझंच चुकलं, पेन्सिलच वापरायला हवी होती." मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

तू पत्रात लिहिलंस, "ठमे, जिन्यावरून पडले म्हणून सांग, घरातलं घरात राहू दे. शाई काढायचं औषध आणलंय, जोडलेली तिकिटं जपून ठेव. आणि दाजींना सांग, डावा हात अजून शाबूत आहे." लाडाने ठमी म्हणायचं आणि त्याच ओळीत धमकी द्यायची, हे तुलाच जमतं.

काल पोलीस इन्स्पेक्टर बाई जबाब घ्यायला आल्या. ह्यांनी तुझं ऐकलं. आपलाच माणूस आहे, म्हणे. जिन्यावरून पडलो, असं त्यांना सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, वहीवरून नजर उचलली आणि मला विचारलं, "बाई, तुमचं घर मी पाहून आले. तुमच्या घराला जिना कुठाय?"

मला रडू फुटलं. तिथेच, ह्यांच्या उशाशी बसून, सगळं सांगितलं. इस्त्रीचं सांगितलं, माझ्या कात्रीचंही सांगितलं. तुझी जोडलेली तिकिटं आणि तुझं धमकीचं पत्र त्यांच्या हवाली केलं. हे कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेत. बोलतील कधीतरी. जिवंत आहेत, तेवढं मला पुरे.

दादा, तू मला सायकल शिकवलीस, माझ्यासाठी गल्लीतल्या पोरांशी मारामाऱ्या केल्यास. माझ्यावर तुझी माया होती, आणि माझीही तुझ्यावर आहे. ती कुठे ठेवू ते कळत नाही.

पाकिटावर तिकीट नाही हे तू एव्हाना पाहिलं असशील. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या बाईंनी ते तुझ्या हातात दिलं, त्या दारात उभ्या आहेत. वाचून होईपर्यंत थांबते, असं त्यांनी मला कबूल केलंय. मावशीसमोर तमाशा करू नकोस. चपला घाल आणि त्यांच्याबरोबर जा.

कोर्टात भेटू.

तुझी धाकटी बहीण,
तुझ्याविरुद्धची साक्षीदार