केनोच्या बुंध्याशी

दाकार, ६ मार्च

ती. तक्कोताईस,
योरोचे सलाम. आम्ही सारे बरे आहोत. तुझ्या गुडघ्याची काळजी वाटते.

मालाल दियालो यांत्रिक करवत घेऊन गावात उतरल्याचं कळलं. कुरणाकाठची केनोची झाडं त्याला हवीत. परवाना नाही, ओंडके सीमेपार जाणार, हे सगळे जाणतात. पण शेजारच्या गावात आडव्या आलेल्या माणसाचा हात मोडला. तू मध्ये पडू नकोस. उन्हाळ्यात गाईंना दुसरा पाला नाही, हे मलाही ठाऊक आहे. वाटल्यास गाई विक आणि इकडे राहायला ये.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझा योरो

सारे हामादी, १५ मार्च

चि. योरोस अनेक आशीर्वाद.

गाई विकायचा सल्ला मी शेजारणींना वाचून दाखवला. दुपार मजेत गेली.

शहरात राहून तू विसरलास. आपण बाल्दे, तो दियालो. या दोन घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या मस्करीचं नातं. एकमेकांना हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. चिडेल त्याची अब्रू जाते. आणि एकाने हट्टाने काही मागितलं, तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. ओंडके नेणारा कंत्राटदार परका, म्हणून त्याने बाल्द्यांच्या गावात दियालो पाठवला.

मालालने करवत सुरू केली, तशी मी पहिल्या केनोच्या बुंध्याला पाठ लावून पाय पसरले. त्याला म्हटलं, अरे चवळीखाऊ, तुम्ही आमचे गुलाम, मालकिणीला न विचारता झाडाला हात लावतोस? त्याने ऐकवलं, की बाल्द्यांच्या बायका गाईंपेक्षा जास्त चरतात. गाव पोट धरून हसलं. मग मी झाडं मागितली. सगळी.  कंत्राटदाराला काय सांगू, तो म्हणाला. मी म्हटलं, मालकिणीने नाही म्हटलं असं सांग. त्याने करवत बंद केली. जाताना आपल्याकडे जेवला, दोनदा वाढून घेतलं.

आता तो कंत्राटदार भडकला आहे. महिनाअखेरीस तो स्वतः येणार, त्याची माणसं घेऊन. तो वोलोफ जमातीचा, आडनाव दियोप. माझी शिवी त्याला शिवीच वाटेल. तरी मी तिथेच बसणार आहे. काही सुचलं तर कळव.

मुलांना पापे. लोभ आहे तसा असू दे.
तक्को

दाकार, २१ मार्च

ती. ताईस सलाम.

दियोप हे नाव ऐकताच सोख्नाने पत्र माझ्या हातातून ओढलं. तुझी भावजय न्दियाय घराण्यातली, आणि न्दियाय-दियोपांचं बाल्दे-दियालोंसारखंच मस्करीचं नातं. पोरं माझ्यावर टाकून, हेच पत्र बरोबर घेऊन ती उद्याच्या बसने निघते आहे. दियोपांच्या किती पिढ्या चोर होत्या, हे ती सामान बांधता बांधता मोठ्याने ठरवते आहे. मी म्हटलं, जरा जपून. म्हणाली, जपायचं त्याने.

तुझ्याशेजारी तिला बुंध्याशी जागा ठेव. आमच्यावर लोभ राहो.
योरो